लंडनमध्ये देशी जेवण : कुठे काय मिळते?

पाटी ‘इंडियन’, चूल कुणाची?

सुरुवात : १८१०, जॉर्ज स्ट्रीट. पाटण्याच्या दीन महोमेद यांचे ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’. हौस मोठी, गिऱ्हाईक तुटपुंजे. १८१२ मध्ये दिवाळे. रीजंट स्ट्रीटवरचे ‘वीरास्वामी’ १९२६चे.

ब्रिक लेन : पाटीवर ‘इंडियन’, मालक आणि स्वयंपाकी बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटचे. इथल्या ‘करी हाउस’ची गंमत म्हणजे कांद्याचा एकच मूळ रस्सा आधी शिजवून ठेवतात, मागणी येईल तसा मसाला बदलतो. कोर्मा सौम्य, मद्रास तिखट, विंदालू जाळ. गोव्यातल्या विंदालूची ओळख व्हिनेगर, लसूण आणि डुकराचे मांस. इथे तो तिखटपणाचा दर्जा झाला.

- साउथॉल : पंजाबी.
- वेम्बलीचा ईलिंग रोड : गुजराती फरसाण, शाकाहारी थाळी.
- टूटिंग : डोसे, दक्षिण भारतीय आणि श्रीलंकेच्या तमिळांची हॉटेले.
- युस्टन स्टेशनजवळची ड्रमंड स्ट्रीट : भेळपुरी.

आणि वडापाव? हाउन्स्लो. दोघा मुंबईकर मित्रांनी २०१० मध्ये तिथे ‘श्री कृष्ण वडा पाव’ सुरू केले. मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवरचे ‘दिशूम’ही त्याच वर्षीचे.