हृदयरोग्याची पाठदुखी : उसण की इशारा?

आपल्याकडे पाठदुखीला कोणी आजार समजत नाही. बर्फ उपसला, जड सामान उचलले, गादी बदलली, विमानात अवघडून बसलो, यांपैकी एखादे कारण नेहमी हाताशी असते. बाम चोळायचा, शेक घ्यायचा, एखादी गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे. बहुतेक वेळा ते बरोबरही असते, कारण बहुतेक पाठदुखी स्नायूंची किंवा मणक्यांची असते आणि काही दिवसांत आपोआप बरी होते. पण घरात कोणाची बायपास झाली असेल, स्टेंट बसवला असेल, हृदयाची झडप बदलली असेल किंवा अँजायनाची औषधे चालू असतील, तर हा हिशेब बदलतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. मी न्यू जर्सीत अनेक वर्षे फॅमिली डॉक्टर होतो, आता निवृत्त आहे. तरीही हा धडा मला पुस्तकाने नव्हे, माझ्याच घराने शिकवला.

२०१८ च्या जून महिन्यात माझे थोरले बंधू आणि वहिनी सांगलीहून आमच्याकडे आले. दादांचे वय तेव्हा ६८. वीस वर्षांचा मधुमेह आणि २००९ साली पुण्यात झालेली बायपास. विमानतळावर भडंग, हळद आणि लोणच्यांनी भरलेली बॅग मी नको नको म्हणत असताना त्यांनी स्वतः पट्ट्यावरून उचलली. गुरुवारी सकाळी म्हणाले, "पाठीत उसण भरलीय रे. त्या दिवशी बॅग उचलली ना!" दोन्ही खवाट्यांच्या मध्ये दुखत होते. मी हसून "सांगितलं होतं ना?" म्हणालो आणि त्यांना आयब्युप्रोफेन दिली. माझ्या पत्नीने गरम पाण्याची पिशवी दिली. शुक्रवार तसाच गेला.

शनिवारी संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? मी दोन दिवस यांच्या पाठीला तेल लावतेय. कुठंही दाबलं तरी हे 'आई गं' म्हणत नाहीत. दुखतं ते जिना चढल्यावर. बसले की थांबतं. आणि आज तर जेवताना बसल्याबसल्याच दुखायला लागलं. ही कसली उसण?"

माझ्या हातातला चमचा खाली पडला. जो प्रश्न मी दवाखान्यात येणाऱ्या परक्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत विचारला असता, तो मी सख्ख्या भावाला दोन दिवसांत विचारला नव्हता. बॅगेचे कारण आयते मिळाले आणि मी पुढे पाहिलेच नाही. आम्ही ९११ ला फोन केला. रुग्णालयातला पहिला ईसीजी फारसे काही सांगत नव्हता, पण रक्ताच्या दुसऱ्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेले दिसले. अँजिओग्राफीत कळले की बायपासच्या वेळी जोडलेली एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट बसला. सप्टेंबरमध्ये दादा ठणठणीत होऊन सांगलीला परतले. छातीत मात्र त्यांना एकदाही दुखले नाही.

हृदयाचे दुखणे पाठीत का?

हृदयाकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या वरच्या भागात पोहोचतात, त्याच भागात छाती, दंडाची आतली बाजू आणि पाठीचा वरचा भाग यांच्याही संवेदना येतात. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून दारावर एकच घंटा असावी, तसे हे आहे. घंटा वाजली हे कळते, पाहुणा कोणाकडे आला ते कळत नाही. हातपाय आणि पाठ दुखण्याची मेंदूला रोजची सवय असते, हृदयाची नसते. म्हणून तो "पाठ दुखतेय" असा निष्कर्ष काढतो.

ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या नसांची संवेदना मंदावलेली असू शकते. अशा रुग्णांत, तसेच स्त्रियांत आणि वृद्धांत छातीतल्या कळेऐवजी पाठ, मान, जबडा यांत दुखणे, दम लागणे, मळमळ, घाम किंवा विलक्षण थकवा एवढीच लक्षणे दिसण्याची शक्यता जास्त असते. आपण भारतीय उपखंडातले लोक हृदयविकाराच्या बाबतीत मुळातच जास्त धोक्यात आहोत. अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवलेला आहे.

चार प्रश्न

हृदयरोग असलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली, तर घरच्यांनी हे चार प्रश्न विचारावेत.

१. दाबल्यावर, वाकल्यावर किंवा कुशीवर वळल्यावर दुखते का? स्नायूचे दुखणे बहुधा हालचालीने बदलते आणि बोटाने दाखवता येते.

२. चालल्यावर, जिना चढल्यावर किंवा भरपेट जेवणानंतर दुखते आणि विसाव्याने थांबते का? तसे असेल तर आधी हृदयाचा विचार करावा.

३. सोबत घाम, धाप, मळमळ, चक्कर, हात किंवा जबडा दुखणे आहे का?

४. सुरुवात कशी झाली? एका क्षणात, फाटल्यासारखी आणि पहिल्याच क्षणी सर्वांत तीव्र?

एक सावधगिरी मात्र हवी. दाबल्यावर दुखले म्हणून हृदय निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. हे प्रश्न डॉक्टरकडे जाणे टाळण्यासाठी नाहीत, लवकर जाण्यासाठी आहेत.

आपल्या भाषेतल्या शब्दांकडेही लक्ष द्या. उसण, चमक, ठणका, कळ, भरून येणे, आवळल्यासारखे होणे हे सारे वेगवेगळे अनुभव आहेत. आई म्हणते, "पाठ भरून आलीय, वर दगड ठेवल्यासारखं वाटतंय," आणि मुलगा नर्सला सांगतो, "बॅक पेन." दगड तिथेच गळतो! शब्दशः भाषांतर करा. मराठी दुभाषा फोनवरून मिळू शकतो, तो मागा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा विनामूल्य द्यायचा असतो.

आणखी कोणती कारणे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, आतली भिंत फाटलेली असू शकते. उच्च रक्तदाब हे त्यामागचे मोठे कारण. इथले लोकप्रिय अभिनेते जॉन रिटर २००३ साली याच विकाराने गेले. सुरुवातीला त्यांच्यावर हृदयविकाराच्या झटक्याचे उपचार झाले होते. अशा वेळी रक्त पातळ करणारी औषधे घातक ठरू शकतात. म्हणून पाठीत फाटल्यासारखे दुखत असेल तर ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये, ९११ वर लक्षण सांगून विचारावे.

हीच महारोहिणी पोटात फुग्यासारखी फुगली, तर कंबर किंवा पोट दुखू शकते. अनेकदा फुगा फुटेपर्यंत काहीच कळत नाही. ६५ ते ७५ वयाच्या ज्या पुरुषांनी कधीही धूम्रपान केले आहे, त्यांनी पोटाची एकदा सोनोग्राफी करावी अशी इथली शिफारस आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्यास मेडिकेअर पात्र व्यक्तींसाठी ती एकदा करते.

कृत्रिम झडप असलेल्यांना बारीक ताप, थकवा आणि न थांबणारी पाठदुखी असेल, तर झडपेला किंवा मणक्यांना जंतुसंसर्ग झाला आहे का ते पाहावे लागते. त्यासाठी प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करणे महत्त्वाचे असते. म्हणून घरातले उरलेले ॲमॉक्सिसिलिन देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना किंवा जांघेतून अँजिओग्राफी झाल्यावर अचानक कंबर दुखली, तर आत रक्तस्राव झाला नाही ना, हे लगेच तपासून घ्यावे.

काही कारणे कमी गंभीर आहेत. बायपासच्या वेळी छातीचे हाड उघडून बरगड्या ताणतात, त्यामुळे नंतर काही आठवडे पाठ आणि खांदे दुखणे नेहमीचे आहे. स्टॅटिनच्या गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात, बहुधा दोन्ही बाजूंनी, मांड्या आणि खांद्यांत. पण स्टॅटिन आपल्या मनाने बंद करू नका. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांचा एक अभ्यास ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झाला. स्टॅटिन घेताना जितका त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास त्यांना औषध नसलेल्या नकली गोळ्या घेतानाही झाला होता. लघवी गडद झाली किंवा स्नायू फार अशक्त वाटले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

गोळ्यांची पिशवी

भारतातून येताना प्रत्येक घरात एक गोळ्यांची पिशवी येते. त्यात कॉम्बीफ्लाम असते, म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. व्होवेरान असते, म्हणजे डायक्लोफेनॅक. इथल्या ॲडव्हिलमध्येही आयब्युप्रोफेनच असते. या गटातल्या गोळ्यांनी हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. हा धोका पहिल्या काही आठवड्यांतही असू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली अधिक कडक केला. शिवाय या गोळ्यांनी अंगात पाणी साठते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि आयब्युप्रोफेन रोजच्या ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणू शकते. म्हणजे मी दादांना दिलेली गोळी दुहेरी चूक होती. हृदयरोग्याला साध्या दुखण्यासाठी टायलेनॉल, म्हणजेच पॅरासिटामॉल, योग्य प्रमाणात घेणे सहसा अधिक सुरक्षित. यकृताचा विकार असेल तर तेही विचारून घ्यावे.

पैशाची बाजू

शनिवारपर्यंत थांबण्याची किंमत आम्ही पैशांतही मोजली. दादांसाठी मी पाहुण्यांचा वैद्यकीय विमा घेतला होता. अशा अनेक पॉलिसींत जुने आजार वगळलेले असतात. मात्र जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च देण्याचे एक कलम असते. त्याला 'अ‍ॅक्यूट ऑनसेट' म्हणतात. या कलमात बहुधा वयाची अट असते आणि लक्षण सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेण्याची अट असते. कंपनीने विचारले, "पहिल्यांदा कधी दुखले?" रुग्णालयाच्या कागदावर गुरुवार सकाळ लिहिलेली होती आणि ती खरीच होती. दाव्याचा मोठा भाग नामंजूर झाला. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही. रुग्णालयाने अर्ज केल्यावर काही सूट दिली आणि उरलेले आम्ही दोघा भावांनी हप्त्यांनी फेडले.

म्हणून आईवडिलांना बोलावण्यापूर्वी पॉलिसी स्वतः वाचा. प्रत्येक सेवेला ठरावीक रक्कम देणारी 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी स्वस्त असते, पण इथल्या बिलापुढे ती रक्कम तुटपुंजी ठरते. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी महाग, पण मोठ्या आजारात तीच उपयोगी पडते. दोन्हींत जुन्या आजाराचे कलम, वयाची अट आणि २४ तासांची अट शोधून त्याखाली रेघ मारा.

आणि विमा असो वा नसो, पैशाच्या भीतीने ९११ टाळू नका. १९८६ च्या संघीय कायद्यानुसार मेडिकेअर स्वीकारणाऱ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला पैसे न विचारता रुग्णाची तपासणी करावी लागते आणि तातडीची स्थिती असेल तर ती स्थिर करावी लागते. बिल नंतर येते हे खरे. पण २०१० च्या आरोग्य कायद्यापासून विनानफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते. त्याचा अर्ज मागून घ्या. पाहुण्यांना ते लागू होते का, हे त्या त्या रुग्णालयावर अवलंबून असते, पण विचारण्यात संकोच कसला?

थोडक्यात

नवी पाठदुखी घाम, धाप किंवा मळमळ यांसह आली, विसाव्यानेही थांबली नाही किंवा एकाएकी फाटल्यासारखी सुरू झाली, तर ९११. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. डॉक्टरांनी जिभेखालची नायट्रोग्लिसरीन दिली असेल, तर बसून एक घ्यावी आणि ५ मिनिटांत आराम न पडल्यास ९११. व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर मात्र ती घेऊ नये. श्रमाने येणारी आणि विसाव्याने जाणारी पाठदुखी नव्याने सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रुग्णालयात पहिले वाक्य "पाठ दुखते" हे नको. "हे हृदयरोगी आहेत, अमुक साली बायपास झाली आहे आणि हे दुखणे नवीन आहे" हे हवे. पहिला ईसीजी ठीक आला तरी पुन्हा काढणार का, रक्ताची तपासणी पुन्हा करणार का, हे नम्रपणे विचारा. आजार, शस्त्रक्रियेचे साल, औषधे आणि ॲलर्जी लिहिलेला कागद पाहुण्यांच्या पाकिटात आणि फ्रीजच्या दारावर असू द्या.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही. दादा अजून फोनवर मला चिडवतात, "तुझ्या एवढ्या मोठ्या डिग्रीपेक्षा हिच्या तेलाच्या वाटीनं माझं निदान केलं." मी ते मान्य करतो. वहिनींनी दोन दिवस पाहिलेले मनात ठेवले नाही, विचारले. आपल्याही घरात कोणी असे विचारले, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐका.