थर्मोकोलच्या पेटीत वाढणाऱ्या पेशी

माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवायच्या तर त्यांना शरीरासारखेच घर द्यावे लागते. ३७ अंश सेल्सिअसची ऊब, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर दमटपणा. हे सारे सांभाळणाऱ्या यंत्राला इन्क्युबेटर म्हणतात. तयार यंत्र घ्यायला जावे तर लाखांची गोष्ट! आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. हे लाख नेमके कोणत्या खात्यावर पडतात, हे पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

कॅनडातील ओटावा विद्यापीठात अँड्र्यू पेलिंग यांच्या प्रयोगशाळेने थर्मोकोलच्या पेटीचा इन्क्युबेटर बनविला आणि त्याची कृती सर्वांना खुली करून दिली. अशा पेटीचा कारभार पाहतो आर्डुइनो नावाचा स्वस्त सर्किट बोर्ड. ऊब कमी झाली की तो हीटर चालू करतो, पुरेशी झाली की बंद करतो. वायू घटला की सिलिंडरची झडप क्षणभर उघडतो. तळाशी पाण्याचे ताट ठेवायचे, नाहीतर पेशींचे पोषक द्रव आटते.

वाचक विचारतील, वायू कशाला? पोषक द्रवात बायकार्बोनेट असते, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातलेच. हे बायकार्बोनेट आणि तो वायू यांचा तोल राहिला तरच द्रव ना आंबट होते ना खारे. द्रवात फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो. द्रव पिवळे पडले तर आम्लता वाढली, जांभळट गुलाबी झाले तर कमी झाली, हे नुसत्या डोळ्यांना कळते. बिनखर्चाचा पहारेकरीच म्हणा ना!

याच प्रयोगशाळेने २०१४ साली सफरचंदाच्या फोडी साबणी द्रावणात धुऊन त्यातल्या मूळ पेशी काढून टाकल्या आणि उरलेल्या सांगाड्यात हेला पेशी वाढविल्या. या हेला पेशी मूळच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय भगिनीच्या. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्या कर्करोगाच्या गाठीतून त्या काढल्या गेल्या. त्यांना कोणी विचारले नाही. त्याच वर्षी त्या वारल्या. पेशी जगभर पोहोचल्या, पण घरच्यांना वीस वर्षांहून अधिक काळ त्याचा पत्ताही नव्हता. ज्यांच्या देहावर हे शास्त्र उभे राहिले, त्यांच्या लेकरांना त्याची यंत्रे हाताळता येऊ नयेत काय? खुल्या कृतीचे मोल आम्हाला वाटते ते इथे.

मात्र स्वस्त म्हणून सारेच सोपे नव्हे. महाग यंत्राच्या किमतीत अचूकतेची हमी असते, पुष्कळ यंत्रांत तापवून निर्जंतुक करण्याची सोयही असते. घरगुती पेटीत ती कसर आपल्या मेहनतीने भरावी लागते. दर वेळी ७० टक्के अल्कोहोलने पुसून काढावी लागते, कारण एक बुरशीचा कण महिन्याची मेहनत बुडवितो. तापमान भरवशाच्या तापमापकाशी ताडून पाहावे. वायू मोजणाऱ्या सेन्सरवर काटकसर करूच नये. सिलिंडर कोंदट खोलीत तर मुळीच ठेवू नये, गळती झाल्यास जीवावर बेतते. मानवी पेशींचे काम जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. शाळेच्या मुलांनी आधी दूध विरजण्याएवढी ऊब राखणारी पेटी करून पाहावी. तिला सिलिंडर लागत नाही.