एकाच नावाच्या दोन तबकड्या

एल्व्हिस प्रेस्लीला आपण रॉक अँड रोलचा राजा म्हणतो. पण तो वाढला कंट्री आणि गॉस्पेल ऐकत, आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्येही १९९८ साली त्याचं नाव गेलंच. म्हणून कंट्री गायकांच्या नाताळच्या गाण्यांबद्दल बोलताना आज आपण त्याची १९५७ची तबकडी घेऊ : ‘एल्व्हिस’ ख्रिसमस अल्बम’.

या तबकडीच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या खोल्या आहेत. पहिल्या बाजूवर सहा गाणी, सगळी सांताक्लॉज, बर्फ आणि विरह यांची. त्यातलं ‘ब्लू ख्रिसमस’ आधी कंट्री गायक अर्नेस्ट टब यांनी गाजवलेलं. तबकडी उलटली की सूरच बदलतो. दोन पारंपरिक नाताळगीतं, आणि त्यानंतर चार भक्तिगीतं. ही चार गाणी त्याच वर्षी एका छोट्या रेकॉर्डवर आधी येऊन गेली होती. म्हणजे बघा, जिला आपण ‘मूळ’ म्हणतो, तिचा एक तृतीयांश भाग आधीच पुन्हा काढलेला होता!

त्या चारांपैकी दोन गाणी थॉमस डॉर्सी यांची. डॉर्सी हे शिकागोचे कृष्णवर्णीय संगीतकार, आधी ब्लूज वाजवणारे. १९३२ साली बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ बाळही गेलं. ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं त्या दुःखातून आलं. दुसरं, ‘पीस इन द व्हॅली’, एल्व्हिसनं जानेवारी १९५७मध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गायलं. ज्याच्या कंबरेवरून देशभर वाद चालू होता तो पोरगा तिथं शांत उभा राहून प्रार्थना गातो, हे लोकांनी पाहिलं. तबकडीची दुसरी बाजू त्या प्रसंगाशी जोडलेली आहे.

पुढच्याच वर्षी मुखपृष्ठ बदललं, आतली फोटोंची पुस्तिका गेली, गाणी मात्र तीच राहिली. खरा बदल १९७०चा. आरसीएनं कॅम्डेन या आपल्या स्वस्त मालिकेत तबकडी पुन्हा काढली तेव्हा बाराची दहा गाणी झाली. चारही भक्तिगीतं काढली, उरलेल्यांचा क्रम विस्कटला, आणि दोन नवीन गाणी घातली.

आता कोणी म्हणेल, भक्तिगीतं नाताळची नव्हतीच, काढली तर बिघडलं काय? ठीक आहे. पण मग ‘मामा लाइक्ड द रोझेस’ का घातलं? तेही नाताळचं नाही, आईच्या आठवणीचं आहे. गाणं सुंदर आहे, हो. तरी नियम एकीकडे लावायचा आणि दुसरीकडे सोडायचा, हे आपल्याला पटत नाही. डॉर्सींचं नाव मात्र त्यात तबकडीवरून पुसलं गेलं.

आणि खपली कोणती, तर हीच. अमेरिकेत एक कोटी प्रतींचं डायमंड प्रमाणपत्र या स्वस्त आवृत्तीला मिळालं. कित्येक घरांत एल्व्हिसचा नाताळ म्हणजे ही दहा गाणी. ज्यांनी लहानपणी तीच ऐकली, त्यांना ‘तुमची खोटी’ असं आपण कसं सांगणार?

मूळ बारा गाणी पुढे पुन्हा निघाली, आज दोन्ही मिळतात. नाव एकच, त्यामुळे घेताना मागची यादी वाचा. शेवटचं गाणं ‘इट इज नो सीक्रेट’ असेल तर १९५७ची, ‘मामा लाइक्ड द रोझेस’ असेल तर १९७०ची.