जुगाराचे ॲप ‘हॅक’ करता येते का?

नंदुरबार असो, शहादा असो की नवापूर, चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या तरुणांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. हरलेला म्हणतो, “ॲपच हॅक केलेले आहे.” जिंकू पाहणारा विचारतो, “याचा हॅक कुठे मिळेल?” जुगार हराम आहे, हे या मुलांना आम्ही नव्याने सांगायला नको; ते त्यांनी मदरशात आणि घरात ऐकलेले आहे. त्यांना उत्सुकता आहे ती युक्तीची. म्हणून या वेळी त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर शोधू या.

हॅकिंग खरोखर झाले आहे

१९९९ साली अमेरिकेतील काही संगणकतज्ज्ञांनी इंटरनेटवरच्या पोकर या पत्त्यांच्या खेळातील दोष दाखवून दिला. ५२ पाने पिसण्याचे प्रकार इतके असतात की तो आकडा लिहायला ६८ अंक लागतात. त्या प्रोग्रॅममध्ये मात्र पिसणे घड्याळाच्या वेळेवर अवलंबून होते. दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात, म्हणून पिसण्याचे प्रकारही तेवढेच उरले. आपल्या संगणकाचे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवले की ते सुमारे २ लाखांवर येत. समोरची पाच पाने दिसताच बाकी सर्वांच्या हातात काय आहे, हे संगणक सांगू शकत होता.

म्हणजे ‘करता येते का?’ याचे उत्तर ‘होय’ असे आहे. पण हे काम निष्णात तज्ज्ञांचे होते. त्यांनी दोष जाहीर केला आणि तो दुरुस्तही झाला. टेलिग्रामवर पाचशे रुपयांत मिळणारी ही वस्तू नव्हे.

चोर घरातलाच

मोठ्या फसवणुकी ज्यांनी केल्या, ते बहुतेक आतलेच निघाले. २००७-०८ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या संकेतस्थळांवर काही खाती अशक्य वाटावीत इतकी जिंकत असल्याचे खेळाडूंच्याच लक्षात आले. चौकशीत कळले की आतल्या लोकांना इतरांची झाकलेली पाने दिसत होती.

अमेरिकेतील एडी टिप्टनचे प्रकरण त्याहून बोलके आहे. अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेत संगणकांच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्यानेच प्रोग्रॅममध्ये अशी फट ठेवली की वर्षातल्या ठराविक दिवशी निघणारे आकडे त्याला आधी ताडता येत. डिसेंबर २०१० मधील १ कोटी ६५ लाख डॉलरच्या बक्षिसाचे तिकीट घेताना तो दुकानातील कॅमेऱ्यात दिसला. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा सुनावण्यात आली. ज्याच्या हाती किल्ली होती, त्यानेच तिजोरी उघडली.

कापसाच्या भावापासून सर्व्हरपर्यंत

हे समजायला अमेरिकेतच जायला हवे असे नाही. आपला भाग कापसाचा. मुंबईतील जुना आकडा याच कापसावर चाले. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचा उघडता आणि बंद भाव मुंबईत येई आणि त्यावर पैसे लागत. हा जुगारच होता. पण भाव सात समुद्रापलीकडे ठरत असल्याने तो बुकीच्या हातात नव्हता. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत चिठ्ठ्या काढण्याचा खेळ सुरू केला आणि ‘मटका’ रूढ झाला. आता आकडा पैसे घेणाऱ्याच्याच घरात निघू लागला.

आजचे ॲप म्हणजे तोच मटका. फक्त तो परदेशातल्या सर्व्हरवर ठेवला आहे. लाल-हिरव्या रंगाच्या बेकायदा खेळात कोणत्या रंगावर किती पैसे लागले, हे चालवणाऱ्याला निकालाआधी दिसू शकते. कमी पैसे लागलेला रंग काढायला त्याला हॅकर कशाला हवा?

जुलै २०२३ मध्ये नागपुरात असेच प्रकरण उघडकीस आले. एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची फिर्याद दिली. सुरुवातीला तो सुमारे ५ कोटी जिंकला होता. पोलिसांनी गोंदियातील संशयित बुकीच्या घरातून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. आधी जिंकवायचे आणि मग बुडवायचे, ही या धंद्याची जुनी रीत आहे.

‘प्रेडिक्टर’ आणि मतांची लिंक

विमान कधी उडून जाईल हे आधी सांगणारे म्हणून जे ‘प्रेडिक्टर’ विकले जाते, ते खेळाडूलाच लुटण्याचे साधन आहे. अशी फाइल मोबाइलमध्ये घेतली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी चोराकडे जातो.

स्पर्धांचेही तसेच. “माझ्या भाचीच्या फोटोला मत द्या” असा ओळखीच्या नंबरवरून संदेश येतो. लिंक उघडून आलेला सहा अंकी कोड दिला की आपले व्हॉट्सॲपच दुसऱ्याच्या ताब्यात जाते. मग आपल्याच नावाने खाला, मामू, शेजारी सर्वांकडे पैसे मागितले जातात.

खेळ खरा असला तरी

समजा, कोणीही फसवले नाही. विमानाच्या मूळ खेळाचे चालकच सांगतात की लावलेल्या रकमेपैकी सरासरी ९७ टक्के परत जाते. ऐकायला बरे वाटते. पण १,००० रुपये आणि त्यातून परत येईल ते सगळे पुन्हा पुन्हा लावत गेले, तर १०० डावांनंतर सरासरी हिशेबाने ४८ रुपयेही उरत नाहीत. हॅकरशिवायच घर बुडते.

सूरह बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांसाठी काही फायदा असल्याचे नाकारलेले नाही. त्यांचा गुन्हा फायद्याहून मोठा असल्याचे मात्र स्पष्ट सांगितले आहे. सूरह माइदाच्या ९०-९१व्या आयतींत जुगारातून वैर आणि द्वेष पेरला जातो, अल्लाहचे स्मरण आणि नमाज सुटते, असा इशारा आहे. बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे ज्या घरातून गेले, त्या घराला हे वैर म्हणजे काय, ते समजावून सांगावे लागत नाही.

घरात काय करावे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. म्हणून फसलेल्या मुलाने तक्रार करायला घाबरू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा; जितका उशीर होईल, तितके पैसे पुढे निघून जातात.

मात्र दोन-चार हजारांसाठी आपले बँक खाते किंवा सिमकार्ड कोणालाही वापरायला देऊ नये. जुगाराचा आणि फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

अब्बा-अम्मींना आमची विनंती अशी की मुलाने हरल्याचे कबूल केले, तर पहिल्या दिवशी त्याला मारझोड करू नका. भीतीपोटी तो गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा तिथेच जातो. त्याच्यासोबत बसा, देणे कोणाकोणाचे आहे ते कागदावर मांडा, ॲप काढून टाका. सहज बोलता बोलता “चल, जुगार खेळू” असे म्हणणाऱ्यालाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सदका द्यायला सांगितले आहे. तौबाचे दार उघडे आहे. आपल्या घराचे दारही मुलासाठी उघडे ठेवा.