दाहक आंत्ररोगातील प्रतिरक्षादमनकारी औषधे

दाहक आंत्ररोगातील प्रतिरक्षादमनकारी औषधे ही आतड्यांतील शांत झालेला दाह पुन्हा उसळू नये म्हणून दीर्घकाळ दिली जाणारी, शरीराची प्रतिकारक्षमता अंशतः दाबणारी औषधे होत. दाहक आंत्ररोगात क्रोन रोग आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे दोन आजार मोडतात. दोन्ही समूळ बरे होत नाहीत. मात्र लक्षणे ओसरलेला काळ, म्हणजे उपशम, वर्षानुवर्षे टिकवता येतो. स्टेरॉइडे तीव्र लक्षणे लवकर आटोक्यात आणतात, पण उपशम टिकवण्यास ती निरुपयोगी ठरतात आणि दीर्घ वापराने हाडे ठिसूळ करतात.

प्रमुख औषधे

ॲझाथायोप्रिन हे औषध जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या संशोधनातून निर्माण झाले. दोघांना १९८८ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभी ते मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी वापरले गेले. शरीरात त्याचे मरकॅप्टोप्युरिनमध्ये रूपांतर होते आणि पुढे तयार होणारे घटक लिम्फोसाइट पेशींची वाढ रोखतात. परिणाम दिसण्यास साधारण तीन महिने लागतात. या काळात ‘गोळी लागू पडत नाही’ असे समजून ती सोडणे ही नेहमी घडणारी चूक आहे. मेथोट्रेक्सेट क्रोन रोगात आठवड्यातून एकदाच देतात, सोबत फॉलिक आम्ल. ते चुकून रोज घेतले गेल्यास प्राणघातक ठरू शकते. गर्भावर गंभीर परिणाम होत असल्याने गर्भधारणेच्या बरेच आधी ते थांबवावे लागते.

रक्ततपासणी

ॲझाथायोप्रिनचा मोठा धोका म्हणजे पांढऱ्या पेशी घटणे. तो बऱ्याचदा कोणत्याही लक्षणाविना वाढत जातो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दर एक-दोन आठवड्यांनी आणि नंतर सुमारे तीन महिन्यांनी रक्तपेशींची गणना व यकृताची तपासणी करतात. युरोपीय लोकांत टीपीएमटी जनुकातील बदल यास बहुधा कारणीभूत असतात. भारतीयांत मात्र एनयूडीटी१५ जनुकातील बदल अधिक महत्त्वाचे आहेत. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांतच केस झपाट्याने गळू लागणे ही त्याची पूर्वसूचना असू शकते. संधिवातासाठी ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्याने डॉक्टरांना ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे. दोन्ही औषधे एकत्र आल्यास ॲझाथायोप्रिनचा परिणाम अनेक पटींनी वाढतो.

बरे वाटू लागल्यावर गोळी बंद करण्याचा मोह होतो. साडेतीन वर्षांहून अधिक काळ उपशमात असलेल्या क्रोन रुग्णांवरील २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत, औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांचा आजार दीड वर्षात उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते.

खान्देशातील संदर्भ

जळगाव व धुळे जिल्ह्यांत ही औषधे देताना काही गोष्टी वेगळ्याने पाहाव्या लागतात. पहिली क्षयरोगाची. आतड्याचा क्षय आणि क्रोन रोग दोन्ही बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व त्यालगतच्या मोठ्या आतड्यात आढळतात. दुर्बिणीतून पाहिल्यावरही ते सारखे दिसू शकतात. क्षयाला क्रोन समजून प्रतिकारशक्ती दाबली, तर जंतूंना मोकळे रान मिळते. त्यामुळे औषधापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र व क्षयाची चाचणी करतात.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४ अंशांपुढे जातो. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. अतिसार आणि उन्हामुळे शरीर कोरडे पडले की ते रक्तात साठून विषारी होऊ शकते. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या शेतात राबणाऱ्या रुग्णासाठी पाणी हा औषधोपचाराचाच भाग होय. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांना अंग झाकणारे कपडे वापरण्याचाही सल्ला दिला जातो.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन घटले, तर कारण आतड्यातील रक्तस्राव, औषध की सिकलसेल, हे वेगळे करावे लागते. सिकलसेलसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरियाही पांढऱ्या पेशी घटवते. त्यामुळे दोन्ही औषधे चालू असणाऱ्याची रक्ततपासणी अधिक जवळच्या अंतराने करावी लागते.