घरगुती सीएनसी राऊटर : थोडक्यात

- सीएनसी : कॉम्प्युटर न्यूमरिकल कंट्रोल. संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणारे यंत्र.
- उगम : १९५२, अमेरिकेतील एमआयटी. सूचना छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर.
- अक्ष : तीन. एक्स आणि वाय आडवे, झेड उभा.
- स्टेपर मोटर : सहसा एका फेऱ्यात २०० पावले, प्रत्येक १.८ अंशांचे. नेमा १७ या मापाच्या मोटरची दर्शनी बाजू १.७ इंच, नेमा २३ची २.३ इंच. हा आकडा मापाचा, ताकदीचा नव्हे.
- हिशेब : फेऱ्याला ८ मिमी सरकवणारा स्क्रू, प्रत्येक पावलाचे १६ मायक्रोस्टेप (सूक्ष्म भाग), म्हणजे १ मिमीला ४०० पावले.
- जीआरबीएल : २००९पासूनचे मोफत, मुक्तस्रोत नियंत्रण सॉफ्टवेअर. आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डवर चालते.
- जी-कोड (यंत्राला द्यायच्या सूचना) : जी० जलद सरकणे, जी१ सरळ रेषेत कापणे, एम३ स्पिंडल (कापण्याचे हत्यार फिरवणारा भाग) सुरू, एम५ बंद.
- काटकसर : सांगाडा प्लायवूडचा किंवा एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीचा), स्पिंडलऐवजी सुतारकामाचा ट्रिमर.
- फरक : राऊटर लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिकसाठी. पोलादासाठी जड, ताठ बांध्याचे मिलिंग मशीन.
- सुरक्षा : एमडीएफची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक. मास्क, गॉगल आणि हाताशी आणीबाणीचे बटण आवश्यक.