ओआरएस कॉर्नर, सकाळपाळी

सकाळी ८. रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेतला. पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयात सकाळी सकाळी रांग लागते ती जुलाबाच्या बाळांची.

८.३०. नऊ महिन्यांची मुलगी, वजन ८ किलो. डोळे आत गेलेले, टाळू खोल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसतेय. चिडचिड करते, पण वाटी दिसताच ओठ पुढे करते. डॉक्टरांनी 'प्लॅन बी' लिहिला: किलोला ७५ मिली ओआरएस, म्हणजे चार तासांत ६०० मिली. आजी काकुळतीला आल्या, "सिस्टर, सलाईन लावा ना. नुसत्या पाण्यानं काय व्हायचंय?"

हे नुसतं पाणी नाही. माणसाच्या २२व्या गुणसूत्रावर एसएलसी५ए१ नावाचं जनुक आहे. त्याच्या बरहुकूम लहान आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन बसतं, एसजीएलटी१. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनं आत घेतं; मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर लोटत असतानाही हे काम चालूच राहतं. आजींना एवढंच सांगितलं, "साखरेच्या सोबतीनं मीठ आत जातं, मिठामागं पाणी."

९. एक लिटर पाण्यात अख्खी पुडी. घरी आईनं पेलाभर पाण्यातच अर्धी पुडी कालवली होती. द्रावण इतकं दाट झालं की ते उलट आतड्यातच पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. तिला समोर बसवून मापून दाखवलं. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा.

९.४०. उलटी. आई रडवेली झाली. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं, आणखी सावकाश.

११. आता चमचा आजींच्या हातात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं हेच पाणी वापरलं. पाजायला रुग्णांचे नातेवाईकही होते. तिथले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. घरच्या माणसांवर टाकलेला तो विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

१. चार तास झाले. कातडी चटकन बसते, लघवी झाली, अंगावर पितेय. झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब आजच थांबणार नाहीत; प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली पाजायचं, हे आईकडून वदवून घेतलं.

२. दुपारपाळीला चार्ज दिला. पुड्यांचा खोका तळाला आलाय, स्टोअरला आजच मागणी टाकायला सांगितली.